नर्सरीचं वर्ष कसं आखावं: थीम, कोपरे की मुलांचं कुतूहल?

लहान मुलं खेळातून शिकतात, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2022 मध्ये आला आणि तीन ते सहा वयाला ठरवून दिलेली पाठ्यपुस्तकं नकोत, हे त्याने स्वच्छ सांगून टाकलं. 2023 च्या फेब्रुवारीत एनसीईआरटीचा ‘जादुई पिटारा’ हा खेळ-साधनांचा संच आला, 2024 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला. म्हणजे तत्त्व ठरलेलं आहे, खेळांचाही तुटवडा नाही. अडतं ते पुढे. वर्ष कशाच्या आधाराने बांधायचं? दर आठवड्याला एक विषय घेऊन? वर्गातल्या खेळाच्या ठरलेल्या कोपऱ्यांवर? की मुलं ज्याच्या मागे लागतील त्याच्या मागे जाऊन?

यातल्या पहिल्या दोन पद्धतींनी मी पूर्ण वर्षं चालवली आहेत. तिसरी तुकड्यातुकड्यांनी केली आहे. ज्यांना पुढच्या जूनसाठी यातली एक निवडायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मैदान, मदतनीस आणि मोकळा वेळ यांची चंगळ असलेल्या शाळेला यातलं बरंच लागू पडणार नाही.

आमची नर्सरी मुंबईत परळला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. एक हॉल, एक लहान खोली आणि बाहेर अरुंद पॅसेज. मुलं थोडी चाळींतली, थोडी गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधली. घरी कुणी मराठी बोलतं, कुणी हिंदी, कुणी गुजराती, कुणी भोजपुरी. आम्ही दोन ताया आणि एक मावशी. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या हिशोबात ती येते. आपल्याकडे नर्सरीला 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण हा नियम आहे. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये जेमतेम अडीच वर्षांचं असतं आणि त्याच्या शेजारी बसलेलं जानेवारीतलं मूल साडेतीनच्या जवळ पोचलेलं असतं. या वयात एक वर्षाचं अंतर फार मोठं. एकाला चप्पल स्वतः घालता येते, दुसऱ्याला बाथरूमला जायचंय हेही सांगता येत नाही. दोघांसाठी एकच आराखडा करायचा असतो.

थीमवार आराखडा

हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मी आणि माझं शरीर, माझं घर, पाऊस, फळं, भाज्या, प्राणी, वाहनं, आपले मदतनीस, सण. आठवड्याला एक विषय आणि त्या विषयाची गाणी, गोष्ट, चित्र, खेळ. तयार संच बाजारात मिळतात आणि त्यांतले काही खरोखर काळजीपूर्वक केलेले असतात.

याची बाजू मी मनापासून मांडू शकते. नवी ताई रुजू झाली की थीम तिला हाताला धरून नेते. सोमवारी काय बोलायचं, मंगळवारी कुठलं गाणं घ्यायचं, सगळं समोर असतं. आठवडाभर एकाच विषयाचे शब्द पुन्हापुन्हा कानावर पडतात, त्यामुळे वेगळी भाषा बोलणाऱ्या घरातल्या मुलाला ते लवकर सापडतात. सणांचं तर वेगळं काही करावंच लागत नाही. आणि पालकांना थीम कळते. “या आठवड्यात फळं चालू आहेत” एवढं सांगितलं की आजी बाजारातून येताना पेरू आणून नातवाच्या हातात देते आणि बोलणं सुरू होतं. घर आणि शाळा असे जोडले जाणं ही लहान गोष्ट नाही.

मेहनतीचं म्हणाल तर थीम दर आठवड्याला मेहनत मागते. गुरुवार-शुक्रवारची दुपार पुढच्या विषयाची चित्रं कापण्यात, कार्डशीट चिकटवण्यात, बोर्ड बदलण्यात जाते. पिवळा दिवस, लाल दिवस आले की पालकही दमतात. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला आदल्या रात्री पिवळा फ्रॉक शोधायला लावणं मला कधीच बरं वाटलं नाही. पण हे सगळं सांभाळून घेता येतं. माझा पाय अडला तो दुसऱ्याच ठिकाणी.

फळांचा आठवडा होता. आम्ही हॉलच्या एका कडेला फळवाल्याचं दुकान मांडलं होतं. परड्या, लाकडी आंबे, कापडी केळी, कागदी पिशव्या आणि दोन पारड्यांचा एक छोटा तराजू. पहिले दोन दिवस मुलांनी फक्त पिशव्या भरल्या आणि रिकाम्या केल्या. ते तसंच होतं, होऊ द्यावं. गुरुवारी एका मुलाचं लक्ष तराजूकडे गेलं. त्याने एका पारड्यात आंबा ठेवला आणि दुसऱ्यात एकेक सागरगोटा टाकायला लागला. टाकला की दांडीकडे बघायचं. हलली नाही, आणखी एक. पारडं खाली गेलं तसा एक काढला, ते वर आलं. परत टाकला, परत खाली. मग त्याने आंबा उचलून केळं ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून. शेजारी दोन मुलं भांडत होती, त्याला पत्ता नव्हता. एक शब्द न बोलता तो जड-हलकं, कमी-जास्त, समान हे सगळं हाताने तपासत होता. शुक्रवारी फ्रूट सॅलड झालं, फोटो झाले, थीम संपली. ठरल्याप्रमाणे दुकान आवरलं आणि तराजू माळ्यावर गेला. सोमवारी वर्गात वाहनं आली. तो मुलगा आला, दप्तर ठेवलं, सरळ त्या कडेला गेला आणि म्हणाला, “काटा कुठंय?”

हा प्रसंग एकटा नव्हता. दर आठवड्याला कुणाचं तरी काहीतरी अर्ध्यावर राहत होतं. मूल नव्या वस्तूभोवती आधी घुटमळतं, मग हात लावतं, मग दुसऱ्याचं बघतं आणि त्यानंतर कुठे स्वतःचं काही करायला लागतं. माझ्या पाहण्यात बहुतेकांना इथपर्यंत यायला गुरुवार उजाडतो. आणि शुक्रवारी आम्ही गाशा गुंडाळतो.

त्यात मुंबईचा पाऊस. जुलैत ताप, सर्दी, हात-पाय-तोंडावर फोड येण्याची ती साथ. एखाद्या दिवशी हिंदमाताला पाणी भरलं की निम्मा वर्ग घरी. गणपतीत तर आमच्या भागातली कितीतरी मुलं कोकणात, गावी जातात आणि गौरीविसर्जनानंतरच परततात. आठवड्याची थीम मूल रोज येईल हे गृहीत धरून चालते. पाच दिवस तापाने घरी असलेलं मूल परत येतं तेव्हा ‘प्राणी’ होऊन गेलेले असतात, बोर्डावर वेगळंच काही लागलेलं असतं. नुकतं रुळू लागलेलं तीन वर्षांचं मूल अशा सकाळी पुन्हा रडायला लागतं. त्याला वर्ग ओळखूच येत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. आम्ही थीम तीन आठवड्यांची करून पाहिली आणि बराच फरक पडला. ‘आधारशिला’च्या 48 आठवड्यांतही सुरुवातीचे 4 आठवडे मुलं रुळण्यासाठी राखून ठेवले आहेत, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. थीमच घ्यायची असेल तर निदान एवढं करा: थीम लांब ठेवा आणि जून महिना त्यातून सोडवा.

कोपऱ्यांचा आराखडा

इथे वर्षाचा कणा विषय नसतो, जागा असतात. घर-कोपरा, ठोकळे, पुस्तकं, रंग आणि हातकाम, पाणी-माती, आणि लहान वस्तू जुळवण्याची-जोडण्याची जागा. या जागा जूनपासून एप्रिलपर्यंत हलत नाहीत. बदलतात त्या तिथल्या वस्तू, आणि त्याही एका वेळी एक-दोनच.

आखणी म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय याचा अंदाज येत नाही. नुसते कोपरे मांडून मुलांना सोडून देणं म्हणजे आखणी नव्हे. अनेक ठिकाणी असंच होतं आणि मग “यात शिकवता काय?” असा प्रश्न येतो, तो रास्त असतो. आम्ही प्रत्येक कोपऱ्याचं पंधरवड्याचं एक पान करतो. त्यावर तीनच गोष्टी: काय ठेवलं, कशासाठी ठेवलं, काय बघायचं. उदाहरणार्थ जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातलं पाण्याचं पान. पॅसेजमध्ये एक पसरट टब, दोन सारखे मग, दोन नरसाळी, भोकं पाडलेली एक बाटली आणि भोकं नसलेली एक. कशासाठी: ओतताना मनगट वळवणं, भरलं-रिकामं, पाणी कुठून येतं आणि कुठून जातं. काय बघायचं: मूल बाटली कशी धरतं, सांडल्यावर काय करतं, दोन बाटल्यांतला फरक त्याच्या लक्षात येतो का आणि तो ते कुणाला दाखवतं. दुसऱ्या पंधरवड्यात फक्त दोन स्पंज वाढवले. बाकी सगळं तेच. टबमधलं पाणी शेवटी मुलंच मगाने कुंड्यांना घालतात आणि उरलेल्या पाण्याने मावशी पॅसेज धुतात. पाणीकपातीच्या दिवसांत पालक विचारतात, म्हणून हेही लिहून ठेवलं.

वस्तू ‘दोन सारख्या’ का, ते सांगते. मिल्ड्रेड पार्टेन यांनी लहान मुलांच्या खेळाचं निरीक्षण करून 1932 मध्ये जी मांडणी केली, तिच्यात ‘समांतर खेळ’ आहे. मूल दुसऱ्याच्या शेजारी, त्याच्यासारखंच काहीतरी खेळतं, पण त्याच्याबरोबर खेळत नाही. आमच्या वर्गात पहिले काही महिने बहुतांश हेच चालतं. थीमच्या आराखड्यात ‘सगळे मिळून बाजार मांडू या’ असा खेळ जूनमध्येच येतो आणि ताईची सगळी शक्ती मुलांना एकत्र बसवण्यात खर्च होते. कोपऱ्यात दोन तवे, दोन फोन, दोन बाहुल्या ठेवल्या की शेजारी-शेजारी स्वयंपाक होतो आणि दिवाळीनंतर कधीतरी एक मूल दुसऱ्याला म्हणतं, “तुझी पोळी दे, मी वाढते.” त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर दहा प्रकारची खेळणी घेण्याऐवजी पाच प्रकारची, पण जोडीने घ्या.

अडीच आणि साडेतीन वर्षांच्या मुलांचा जो प्रश्न वर मांडला, तो मला इथे सर्वांत नीट सुटताना दिसला. त्याच ठोकळ्यांनी लहान मूल नुसती रांग लावतं आणि मोठं मूल पूल बांधतं. कुणाला सोपं, कुणाला अवघड असं वेगळं काही काढावं लागत नाही. ठोकळे एकमेकांच्या मापात असावेत एवढं मात्र पाहा. न्यूयॉर्कच्या कॅरोलाइन प्रॅट यांनी शंभर वर्षांपूर्वी रूढ केलेल्या ठोकळ्यांचं माप एकास दोनास चार असं आहे, म्हणजे जाडीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी. आम्ही तेच माप देऊन सुताराकडून कापून घेतले आणि कडा पॉलिशपेपरने गोल केल्या. फळीवर प्रत्येक ठोकळ्याची बाह्यरेषा काढली. आवरताना मुलं ठोकळा रेषेवर ठेवून बघतात, आणि मोठ्याच्या जागी दोन छोटे बसतात हे त्यांना तिथेच सापडतं.

भाषेचंही असंच. घर-कोपऱ्यात एक मुलगी गुजरातीत बाहुलीला दटावते, दुसरी भोजपुरीत तिला खाऊ घालते, आणि ताई मधेच मराठीत “बाळाला गरम लागलं का?” असं विचारते. गोलात बसून चाललेल्या गप्पांमध्ये याच मुली गप्प असतात. शब्दसंख्या मी मोजलेली नाही, पण तोंडं कुठे जास्त उघडी असतात हे रोज दिसतं.

आता अडचणी. त्या खऱ्या आहेत.

पहिली जागेची. आमचा हॉल संध्याकाळी दहावीच्या क्लासला जातो. म्हणजे कोपरे ‘हलत नाहीत’ असं वर लिहिलं ते मुलांच्या नजरेतून. प्रत्यक्षात रोज बाराला सगळं उचलावं लागतं आणि सकाळी पुन्हा मांडावं लागतं. त्यासाठी प्रत्येक कोपऱ्याची एक चटई, एक भाजीवाल्याचा प्लास्टिक क्रेट आणि त्यावर आतल्या वस्तूंचा फोटो. चटई कुठे पडते, त्या जागी फरशीवर रंगीत टेपची खूण. मावशींच्या हाताला हे बसायला पावसाळा उलटावा लागला, आता त्या आमच्याआधी मांडून मोकळ्या होतात. चाकांचं एक कपाट मिळालं तर अर्धं काम हलकं होतं. पण ज्यांच्याकडे वस्तू ठेवायला एक फळीही नाही, रोज सगळं घरी न्यावं लागतं, त्यांना मी कोपऱ्यांचा आग्रह करणार नाही.

दुसरी वेळेची. तीन तासांच्या शाळेत प्रार्थना, हजेरी, डबा, गोष्ट, गाणी यांतून मुक्त खेळाला वीस मिनिटं काढली जातात. वीस मिनिटांत कोपरे फुकट जातात. मुलं पहिली दहा मिनिटं फिरतात, मग बसतात आणि बसली की आपण टाळ्या वाजवतो. सलग पाऊण तास तरी हवा, तासभर मिळाला तर उत्तम. तेवढा देता येत नसेल तर हा आराखडा घेऊ नका.

तिसरी सुरक्षिततेची, आणि यात तडजोड नाही. चिंचोके, मणी, गुंजा दिसायला सुंदर, पण या वयात त्या नाकात-कानात-तोंडात जातात. गुंज तर विषारी आहे, ती वर्गात आणूच नये. बाकी बारीक वस्तू ताई शेजारी बसलेली असतानाच बाहेर येतात आणि मोजून परत जातात. सागरगोटेही आम्ही या बारीक वस्तूंच्याच डब्यात ठेवतो. एरवी बाटल्यांची मोठी झाकणं, लाकडी रिंगा, मोठे शिंपले.

मेहनतीचा हिशोब असा: एप्रिल-मेमध्ये कोपरे थीमपेक्षा कितीतरी जास्त कष्ट मागतात. एकदा जून उलटला की आठवड्याची धावपळ राहत नाही. गुरुवारी दुपारी आम्ही आता कापाकापी करत नाही. त्या वेळात दोघी मिळून आठवड्यात काय दिसलं ते लिहितो. एका मुलाबद्दल दोन-तीन ओळी. ‘रंग ओळखतो: हो’ अशा खुणांपेक्षा ‘बाटली उलटी धरून भोकातून पाणी येतं का बघितलं, मग मला बोलावलं’ ही ओळ पुढचा पंधरवडा आखायला कितीतरी उपयोगी पडते.

पालकांसमोर

इथे थीम पुढे आहे, हे मान्य करायला हवं. थीमचा फोटो छान येतो. सगळी मुलं पिवळ्या कपड्यांत, हातात आंब्याचं चित्र. कोपऱ्यांचा फोटो म्हणजे पाठमोरं बसलेलं मूल आणि विस्कटलेली चटई. ‘आज काय शिकवलं?’ याचं उत्तर देणं ताईलाही अवघड जातं आणि मुलाला त्याहून. शिवाय ज्युनियर केजीला दुसऱ्या शाळेत घालायचं असतं, तिथे मुलाशी बोलतील, एबीसी विचारतील, ही धास्ती घराघरांत असते. त्या धास्तीला हसू नये. मुंबईत चांगल्या शाळेतला प्रवेश म्हणजे काय, हे ते पालक जाणतात.

आम्ही जूनच्या सभेत मनगटापासून सुरुवात करतो. मनगटात आठ हाडं असतात, जन्माच्या वेळी ती मऊ कूर्चेची असतात आणि पुढे काही वर्षांत एकामागून एक टणक होत जातात. तीन वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन ओळीत अक्षरं काढून घेतली तर मूल खांद्यातून जोर लावतं, लवकर दमतं आणि कंटाळतं. मग आम्ही पालकांनाच स्पंज पिळायला देतो, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला देतो, कणकेचा गोळा मळायला देतो आणि बोटं कुठे भरून येतात ते विचारतो. यानंतर वहीची मागणी पूर्ण थांबते असं नाही, पण तिचा सूर बदलतो. महिन्याला एकदा प्रत्येक घरी त्यांच्या मुलाबद्दलच्या त्या दोन-तीन ओळी पाठवतो. ग्रुपवरच्या फोटोपेक्षा बाबा लोक ते जास्त जपून ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

मुलांच्या कुतूहलामागे जाणं

इटलीतल्या रेज्जिओ एमिलिया शहरातल्या बालशाळांमुळे ही पद्धत आपल्याकडे माहीत झाली. वर्षाचा आराखडा आधी नसतोच. मुलं कशात गुंतली आहेत ते पाहायचं आणि तिथून पुढचं काढत जायचं. मला ही पद्धत सर्वांत देखणी वाटते. तरीही ज्यांना पहिल्यांदाच निवड करायची आहे त्यांनी इथून सुरुवात करू नये, असं मी जरा संकोचाने सुचवेन. मुलांचा खेळ ओळखता येण्यासाठी ताईचा हात मुरलेला लागतो आणि मुंबईत चांगली ताई दोन वर्षांत मोठ्या शाळेत जाते, पगारासाठी, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. आराखडा ज्या बाईच्या डोक्यात होता ती गेली की दुसरीच्या हातात काही उरत नाही.

पण या पद्धतीतलं सर्वांत चांगलं ते कोपऱ्यांमध्ये आणता येतं, आणि माझं पारडं शेवटी तिकडे झुकलं त्याला हेही कारण आहे. आमच्या खिडकीसमोर रस्ता खणायला जेसीबी आला होता. मुलं गजांना चिकटून उभी. थीमच्या तक्त्यात ‘वाहनं’ जानेवारीत होती आणि हा जेसीबी नोव्हेंबरात उभा होता. कोपऱ्यांच्या आराखड्यात काही मोडावं लागलं नाही. माती-कोपऱ्यात दोन मोठे वाढायचे डाव आणि थोडे दगड वाढवले, ठोकळ्यांपाशी दोन ट्रक ठेवले, पुस्तकांत वाहनांचं एक पुस्तक पुढे काढलं. खणणं, भरणं, ओतणं, रस्ता अडवणं, “गाडी मागे घ्या, मागे घ्या” हे ओरडणं. ते कितीतरी दिवस चाललं आणि ज्यांना त्यात रस नव्हता ती मुलं घर-कोपऱ्यात आपला चहा करत राहिली. गणपतीनंतर मुलं आठवडेच्या आठवडे आरती आणि विसर्जन खेळतात, तेव्हाही हेच. पाण्याचा टब तिथेच असतो, मातीचा गोळा तिथेच असतो.

मॉन्टेसरीचा विचार करत असाल तर थोडक्यात. साधनं अप्रतिम, शिस्त हेवा वाटावी अशी. पण ती तीन ते सहा वयाच्या मिश्र गटासाठी आणि प्रशिक्षित ताईसाठी घडवलेली पद्धत आहे. फक्त नर्सरीचा एक वर्ग असेल तर मोठ्यांचं बघून शिकणारी लहान मुलं हा तिचा गाभाच हातातून जातो. साधनांच्या खर्चाने अडत असाल तर मात्र ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याकडे पाहावं. 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर त्यांनी महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, दगड अशा आसपासच्या वस्तूंतून साधनं उभी केली. आमच्या मोठ्या शिंपल्यांचा डबा तिथूनच सुचला. मुलांनी ते रविवारी दादर चौपाटीवरून आणले होते.

मग कुणी काय घ्यावं

ताया नव्या असतील, दर वर्षी बदलत असतील, रोज सगळं सामान घरी न्यावं लागत असेल, किंवा व्यवस्थापनाला आठवड्याचा छापील तक्ता हवाच असेल, तर थीम घ्या. तीन आठवड्यांची घ्या, आणि थीम बदलली तरी दोन वस्तू मागे ठेवायच्या असा नियम करा. तराजू असेल तर तो नक्की. एवढ्या एका नियमानेही बरंच वाचतं.

एक फळी, सलग पाऊण तास आणि एकमेकींशी बोलणाऱ्या दोन ताया एवढं असेल, तर मी कोपऱ्यांकडे जायला सांगेन. हजेरी कमी-जास्त होणाऱ्या, वयात वर्षाचं अंतर असणाऱ्या, चार भाषा बोलणाऱ्या वर्गाला तोच आराखडा सोसतो असं मला दिसलं. दादर-पार्ल्यातल्या एखाद्या मोठ्या शाळेला कदाचित वेगळं दिसेल.

सुरुवात तीन कोपऱ्यांनी करा: घर, ठोकळे, पुस्तकं. पाणी-माती जुलैत, रंग त्यानंतर, लहान वस्तू दिवाळीनंतर. एप्रिलमध्ये पूर्ण वर्षाची पानं लिहायला बसू नका, पहिल्या दोन पंधरवड्यांची पुरे. पुढची पानं मुलं पाहिल्यावरच लिहिता येतात. सुताराला मात्र आत्ताच सांगून ठेवा, मेमध्ये तो गावी जातो.